भिगवणचे पक्षी, पुण्याचे पाणी

पुणे - थंडी सुरू झाली, की शनिवार-रविवारी पहाटे पुणे-सोलापूर महामार्गावरून दुर्बिणी आणि कॅमेरे घेतलेल्या पुणेकरांच्या गाड्या भिगवणकडे धावू लागतात. सुमारे शंभर किलोमीटरवरील उजनीच्या पाणफुगवट्यात कुंभारगाव, डिकसळच्या काठावरून होड्या सुटतात आणि रोहित अर्थात फ्लेमिंगो, पट्टकादंब, चित्रबलाक यांचे दर्शन घडते. हे पक्षीपर्यटन आता चांगलेच रुळले आहे. मात्र ते ज्या पाण्यावर उभे आहे, त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला आहे.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयात जुन्या पळसदेवसह अनेक गावे बुडाली. पुढे उथळ काठ आणि गाळपेर यांमुळे येथे पाणथळ तयार झाले आणि स्थलांतरित पक्ष्यांनी ते हेरले. काठावरील मच्छीमारांनी होडीला दुसरा व्यवसाय जोडला. पक्षी कोठे उतरतात, पाणी कोठे उथळ आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. होडीची फेरी, घरगुती जेवण आणि मुक्काम यांतून हंगामी का होईना, उत्पन्न सुरू झाले.

वन्यजीव पाहायला येणाऱ्यांच्या पैशातून वन्यजीवांचे रक्षण होते, या युक्तिवादाचे ठळक उदाहरण दक्षिण अमेरिकेत सापडते. ब्राझील, बोलिव्हिया व पॅराग्वे या देशांत पसरलेले पँटानल हे जगातील सर्वांत मोठे उष्णकटिबंधीय पाणथळ क्षेत्र. तेथील पोर्तो जोफ्रे परिसरात नदीतून होडीने फिरत जॅग्वार पाहता येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, या पर्यटनाचे उत्पन्न वर्षाला सुमारे ६८ लाख डॉलर होते. जॅग्वारने मारलेल्या गुरांची हानी जेमतेम सव्वा लाख डॉलरची. जिवंत जॅग्वार मेलेल्यापेक्षा कितीतरी मोलाचा ठरला.

पण त्याच पँटानलचा दुसरा धडाही आहे. भोवतालच्या पठारावरील शेतीमुळे वाहून आलेल्या मातीने तेथील ताक्वारी नदी गाळाने भरली. २०२० च्या आगींत या क्षेत्राचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग होरपळला. पर्यटनाने जॅग्वारला शिकाऱ्याच्या बंदुकीपासून वाचवले. वरून येणारी माती मात्र त्याला अडवता आली नाही. पाणथळाचे भवितव्य त्याच्या काठावर नव्हे, तर नदीच्या वरच्या अंगाला ठरते.

उजनीच्या वरच्या अंगाला पुणे आहे. मुळा-मुठेचे पाणी भीमेत येते, पिंपरी-चिंचवडकडून पवना मुळेला आणि इंद्रायणी भीमेला मिळते. दोन्ही शहरांतील प्रक्रिया न झालेले सांडपाणी अखेर उजनीतच साचते. पुण्याच्या सांडपाण्यासाठी जपानच्या कर्जसाह्यातून ९९० कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा करार २०१६ मध्ये झाला. रोज ३९.६ कोटी लिटर क्षमतेची ११ केंद्रे त्यात प्रस्तावित होती. २०२२ ची मूळ मुदत मात्र उलटून गेली.

रोहित येतात, म्हणजे पाणी चांगले असणार, हा पर्यटकांचा समज फसवा आहे. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे शेवाळ माजते आणि शेवाळ हे रोहितांच्या खाद्यांपैकी एक. त्यामुळे गुलाबी थवे दिसत असतानाच पाण्यातील प्राणवायू घटून माशांवर संकट येऊ शकते. त्याची पहिली झळ बसते ती होडी वल्हवणाऱ्या मच्छीमारालाच. सोलापूर शहराची तहानही याच जलाशयावर भागते, हे विसरून चालणार नाही.

काठावरील शिस्तीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. छायाचित्रासाठी थव्याच्या जवळ होडी नेऊन पक्षी उडवले जातात. स्थलांतराने थकलेल्या पक्ष्याला असे प्रत्येक उड्डाण महागात पडते. सुरक्षिततेबाबतची ढिलाई तर जिवावर बेतू शकते. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती पर्यटकांची फेरी नव्हती; पण जलाशय तोच आणि वाराही तोच.

मार्ग उपलब्ध नाहीत, असे नाही. गोदावरीवरील नांदूर मधमेश्वर हे पाणथळही बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले. त्याला १९८६ मध्ये अभयारण्याचा, तर २०२० मध्ये राज्यातील पहिल्या रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. उजनीला तसाच दर्जा देताना मासेमारीवर गदा येणार नाही, याची हमी आधी द्यावी लागेल. अन्यथा ज्यांनी हे पर्यटन उभारले, तेच त्यातून बाहेर फेकले जातील. थव्यापासूनचे किमान अंतर, होड्यांची मर्यादित संख्या आणि प्रत्येक प्रवाशाला जीवरक्षक जाकीट, एवढे नियम तर दर्जाची वाट न पाहताही करता येतील.

मच्छीमार हे नियम पाळू शकतील. नदीचे पाणी स्वच्छ करणे मात्र त्यांच्या हातात नाही. ते काम पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या महापालिकांचे आहे, आणि त्यासाठी दबाव आणायचा तो पक्षी पाहून रविवारी संध्याकाळी घरी परतणाऱ्या नागरिकांनीच.