‘एक पित्ताची गोळी द्या जी!’

चामोर्शीतल्या कुठल्याही मेडिकलसमोर संध्याकाळी अर्धा तास उभे राहा आणि फक्त कान द्या. “एक पित्ताची गोळी द्या जी.” “कोणती?” “तीच, मागच्या वेळची.” कात्रीने पट्टीतल्या दोन गोळ्या कापल्या जातात, पैसे दिले जातात, माणूस गाडीला किक मारतो. विषय संपला.

या सगळ्यात एक गोष्ट होत नाही. कोणी त्याला काही विचारत नाही. किती दिवसांपासून जळते? घास अडकतो का? वजन उतरलं का? शौच काळी होते का? त्या पॅन्टोप्राझोलच्या पट्टीवर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय विकू नये असंही छापलेलं असतं. पण वाचतो कोण? आपल्याकडे पित्ताची गोळी आता तपासणीची जागा घेऊन बसली आहे, आणि माझा राग त्यावर आहे.

मला स्वतःला हा त्रास सात-आठ वर्षांपासून आहे, म्हणून जरा अधिकाराने बोलतो. रात्री दोन वाजता घशाशी आंबट पाणी येऊन जाग येणं म्हणजे काय, ते ज्याला येते त्यालाच समजते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. ती सैल पडली की जठरातलं आम्ल वर येतं. जठराला आम्ल सोसायची सवय असते, अन्ननलिकेला नसते, म्हणून छाती जळते. झडप सैल करणाऱ्या गोष्टी कोणत्या? तंबाखू, दारू, तेलकट खाणं. त्यात पोटाचा घेर आणि जेवल्या-जेवल्या आडवं होणं.

आता आपला जिल्हा डोळ्यासमोर आणा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. २०१६ पासून मुक्तिपथ गावोगावी फिरत आहे. तरी सकाळी चहाच्या आधी खर्रा लागतोच. खर्ऱ्यातला तंबाखू झडप सैल करतो. आणि जी लाळ गिळली असती तर अन्ननलिकेतलं आम्ल धुतलं गेलं असतं, ती आपण एसटी स्टँडच्या भिंतीवर थुंकतो. खिशात एकीकडे खर्ऱ्याची पन्नी, दुसरीकडे पित्ताची गोळी. दोन्ही धंदे जोरात!

बायांचं तर कोणी बोलतच नाही. रोवणीत सकाळी भात खाऊन दिवसभर चिखलात वाकून राहायचं. भरल्या पोटी वाकलं की आम्ल वर येणारच. संध्याकाळी कंबर धरते म्हणून दुखण्याची गोळी, तीही बरेचदा उपाशीपोटी. या गोळ्या रोज घेतल्या तर जठराच्या अस्तराला जखम होते. मग त्या जळजळीवर पित्ताची गोळी. रात्री सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर शेवटी जेवायचं आणि लगेच अंग टाकायचं. तिला “तिखट कमी खा” म्हणणं सोपं आहे. दुखण्याच्या किती गोळ्या खाते, हे कोणी विचारलं?

गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. योग्य माणसाला, योग्य दिवस, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घेतली तर ती उत्तम काम करते. पण ती आम्ल कमी करते, कारण शोधत नाही. पोटातल्या अल्सरमागे बरेचदा एक जिवाणू असतो. हे शोधून काढणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ चं नोबेल मिळालं. तो जिवाणू तपासणीत सापडला तर साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी बहुतेकांचा जातो. तपासलंच नाही तर माणूस वर्षानुवर्षं गोळ्या खात बसतो. रॅनिटिडिनचंच बघा. त्यात कर्करोगाचा धोका असलेला घटक सापडला म्हणून अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ती गोळी बाजारातून काढायला लावली. २०२२ मध्ये आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ती गेली. वर्षानुवर्षं ती खाणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना हे कोणी सांगितलं?

आणि सगळ्यात भयंकर शब्द म्हणजे “गॅस झाला”. छातीत दाब, अंगाला घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, आणि घरचे सोडा पाजतात, ओवा चघळायला देतात. हृदयविकाराचा झटका आणि पित्त वरून सारखेच वाटू शकतात. फरक करायला आधी ईसीजी लागतो, त्याला पाच-दहा मिनिटं पुरतात. जिल्हा रुग्णालय इथून तीसेक किलोमीटर, घोटकडच्या माणसाला आणखी लांब. त्यात दोन तास गॅसच्या गोळीची वाट बघण्यात गेले, तर पुढे नागपूर गाठूनही काय उपयोग?

“रोजी बुडवून दवाखान्याच्या लाइनीत कोण बसणार?” हा प्रश्न येईल, आणि तो खराच आहे. म्हणूनच मी दोष गोळी मागणाऱ्याला देत नाही. विकणाऱ्याला, लिहिणाऱ्याला आणि यंत्रणेला देतो. माझ्या मागण्या साध्या आहेत:

१. अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीशिवाय होणारी विक्री तपासावी. निदान दुकानदाराने वरचे चार प्रश्न विचारावेत. घास अडकणं, वजन घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी यांपैकी काहीही असेल तर गोळी न देता डॉक्टरकडे पाठवावं.
२. छातीत दुखतं म्हणून सरकारी दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाचा आधी ईसीजी निघावा, दिवस असो की रात्र.
३. डॉक्टरसाहेब, प्रत्येक चिठ्ठीत सवयीने पित्ताची गोळी लिहू नका. लिहिली तर कधी बंद करायची तेही लिहा.
४. नगरपंचायतीने शाळा-दवाखान्याजवळचे खर्ऱ्याचे ठेले हटवावेत.

आणि आपण काय करायचं? मला ज्याने आराम पडला ते सांगतो. झोपण्याच्या तीन तास आधी जेवण. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. डाव्या कुशीवर झोपणं. पोट थोडं कमी करणं. यातल्या एकाही गोष्टीला मेडिकलमध्ये जावं लागत नाही. खर्रा सोडायला मात्र हिंमत लागते.

चामोर्शीतले डॉक्टर आणि मेडिकलवाले ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. माझं काही चुकत असेल तर खाली लिहा, चर्चा करू. पण उद्या कोणी “एक पित्ताची गोळी द्या जी” म्हणत काउंटरवर आला, तर कात्री उचलायच्या आधी त्याला एवढं विचारा: “किती दिवसांपासून जळते भाऊ?”