कोऱ्या अपघातवहीचा अर्थ

शासकीय बांधकामावरील अपघातवही कोरी असली की त्यातून दोनच निष्कर्ष निघू शकतात. एक तर त्या कामावर अपघात झाला नाही, किंवा झालेला अपघात लिहिला गेला नाही. दप्तर तपासणारा अधिकारी पहिला निष्कर्ष काढतो, कारण तो सर्वांच्याच सोयीचा असतो. परांचीवर चढणारा मजूर दुसरा निष्कर्ष काढतो, कारण वहीत नसलेले अपघात त्याने डोळ्यांनी पाहिलेले असतात. शासन यांपैकी कोणाच्या बाजूने उभे राहते, यावर त्याच्या सुरक्षाधोरणाची खरी परीक्षा होते.

पांढरकवड्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. महामार्गाचे चौपदरीकरण, महाराष्ट्र व तेलंगण यांच्यातील २०१६ च्या करारानंतर पैनगंगेवर झालेला चनाखा-कोरटा बंधारा, गावोगावच्या मोऱ्या, शाळाखोल्या आणि सिंचन विहिरी ही सारी सार्वजनिक पैशाची कामे होत. मात्र अशी कामे खाते स्वतः करीत नाही. खाते निविदा काढते, कंत्राटदार ती घेतो, तो पोटकंत्राटदाराला देतो आणि पोटकंत्राटदार मुकादमाला. शेवटी हाती पावडे घेतो तो कोलाम, गोंड किंवा भूमिहीन माणूस, कापसाचा हंगाम सरल्यावर कामाच्या शोधात निघालेला. नाही तर परप्रांतातून आलेला मजूर. पैसा या साखळीतून खाली येताना पायरीपायरीला घटतो. जबाबदारीही तशीच घटत जाते आणि शेवटच्या पायरीवर ती शून्य होते.

वस्तुतः अपघाताची नोंद कशी ठेवावी हे या जिल्ह्याला शिकविण्याची गरज नाही. शेजारच्या वणी तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत. १९५२ च्या खाण कायद्याने खाणमालकावर असे बंधन घातले की, गंभीर अपघात होताच त्याची सूचना वरिष्ठ यंत्रणेला द्यावी आणि तीच सूचना कामगार संघटनांच्या प्रतिनिधींना पाहता येईल अशा फलकावर किमान चौदा दिवस लावून ठेवावी. मृत्यू झाला असेल तर निरीक्षक येईपर्यंत ती जागा हलवू नये असाही दंडक होता. किरकोळ दुखापतींसाठी निराळी नोंदवही होती. खाणीतील सुरक्षितता यामुळे परिपूर्ण झाली असे कोणी म्हणणार नाही. १९७५ च्या चासनाला दुर्घटनेचे स्मरण पुरेसे आहे. परंतु खाणीतील मृत्यू मोजला जाऊ लागला, वर्षाची आकडेवारी प्रसिद्ध होऊ लागली आणि त्या आकडेवारीच्या आधारे संघटनांना भांडता आले. त्याच जिल्ह्यात पुलाच्या पायात मातीखाली गाडला गेलेला मजूर मात्र बहुधा पोलिसांच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीत जातो आणि तेथेच संपतो.

बांधकाम मजुरांसाठी कायदाच नव्हता असेही नाही. १९८० च्या दशकापासून चाललेल्या देशव्यापी मोहिमेनंतर १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा झाला. मृत्यू झाल्यास, किंवा मजूर ४८ तास वा अधिक काळ कामास असमर्थ ठरल्यास, मालकाने सूचना द्यावी, आणि पाच वा अधिक मृत्यू झाल्यास महिनाभरात चौकशी व्हावी, असे त्यात होते. परंतु सुरक्षा समिती व सुरक्षा अधिकारी यांची सक्ती ५०० मजुरांच्या कामापासून पुढे, कायद्याचा अंमल दहा मजुरांपासून पुढे आणि सुरक्षानियम मोडल्यास दंड दोन हजार रुपयांपर्यंत. कैदेची तरतूद होती, तीही कमाल तीन महिन्यांची. लाखोंचे देयक घेणाऱ्याला दोन हजारांचा दंड म्हणजे शिक्षा नव्हे, तो किरकोळ खर्च होय. शिवाय शंभर मजुरांचे काम कागदोपत्री आठ-आठांच्या टोळ्यांत वाटले की दहाचा उंबरठा कोणालाच ओलांडावा लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्यात सुरक्षा अधिकाऱ्याची मर्यादा बांधकामासाठी २५० मजुरांवर आली आणि नियमभंगामुळे मृत्यू घडल्यास दंड किमान पाच लाखांवर गेला. हे पुढचे पाऊल आहे, ते मान्य करण्यास संकोच नको. पण केळापूर तालुक्यातील मोरीवर किंवा विहिरीवर २५० मजूर कधीच नसतात. आणि नोंदच नसेल तर पाच लाखांचा दंड कोणी, कशाच्या आधारे करावयाचा? निरीक्षकाला ‘सुविधाकार’ ही नवी उपाधी देणाऱ्या संहितेत त्याची पहिली सुविधा कोणासाठी असेल, ही शंकाही उरतेच.

दोन घटना येथे आठवाव्यात. १ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटेपूर्वी शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळई बसविणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. हा अपघात लपण्यासारखा नव्हता. मंत्री धावले, मदत जाहीर झाली. त्याआधी २० ऑगस्ट २०२१ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यातील तढेगावजवळ याच महामार्गाच्या कामाच्या सळया वाहणारा टिप्पर उलटला आणि सळयांवर बसलेले १३ मजूर दगावले. सळयांवर माणसे बसवून नेणे हा कामाच्या नियोजनाचा दोष आहे. तथापि असा मृत्यू ‘रस्ते-अपघात’ या शीर्षकाखाली गेला की दोष चालकाचा ठरतो, नियोजनाचा राहत नाही. कोणत्या रकान्यात मृत्यू लिहिला जातो, यावरच त्याचा धडा कोण शिकणार हे ठरते. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोन शब्दांनी शेतकरी आत्महत्यांची वाटणी होताना पाहिलेल्या यवतमाळ जिल्ह्याला रकान्यांचे हे राजकारण नव्याने सांगावयास नको.

मोठा अपघात अचानक कोसळत नाही. त्याआधी सैल झालेली परांची, निसटलेला दोर, थोडक्यात वाचलेला पाय अशा अनेक पूर्वसूचना येऊन गेलेल्या असतात. अमेरिकेत हाइनरिख याने १९३१ मध्ये एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० निभावलेले प्रसंग असे प्रमाण मांडले. त्या आकड्यांवर पुढे वाद झाले, पण किरकोळ नोंदी हाच प्रतिबंधाचा कच्चा माल आहे हा विचार टिकला. त्याच देशात लष्करी अभियंता दलाचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराला प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी अपघात-प्रतिबंधाची लेखी योजना मंजूर करून घ्यावी लागते. आणि दुखापतींचा वार्षिक गोषवारा अनेक आस्थापनांना १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात कामगारांच्या नजरेसमोर लावावा लागतो. जो देश भांडवलशाहीचा बालेकिल्ला म्हणविला जातो, तेथील सरकार कंत्राटदाराकडून एवढे करवून घेते. समाजवादाचा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत असलेल्या देशाच्या सरकारला ते का जमू नये?

याचे उत्तर निविदेच्या अर्थकारणात आहे. काम सर्वांत कमी दर देणाऱ्यास मिळते. कमी दर भरून घेतलेल्या कामात तूट कोठून भरून काढावयाची? सिमेंटची चाचणी होते, सळई मोजली जाते, मजुरीला बाजाराची एक किमान पातळी असते. सुरक्षापट्टा, जाळी, खोदाईच्या भिंतींना द्यावयाचा आधार, प्रशिक्षित देखरेख यांची मात्र मोजमाप पुस्तकात ओळच नसते. जे मोजमाप पुस्तकात येत नाही, त्यावरील खर्च प्रथम कापला जातो. प्रामाणिक कंत्राटदाराने तो धरला तर निविदा त्याच्या हातून जाते. म्हणजे स्पर्धा कार्यक्षमतेची राहत नाही, मजुराच्या जिवाशी किती खेळता येईल याची होते. आणि ही स्पर्धा खुद्द शासन भरविते.

म्हणून सुरक्षेचा खर्च स्पर्धेतून बाहेर काढला पाहिजे. अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र बाब असावी, तिच्यावर कोणी कमी दर भरू नये आणि प्रत्यक्ष तरतूद दिसल्यावरच तिचे पैसे मिळावेत. अपघात-प्रतिबंध योजना मान्य झाल्याशिवाय कार्यारंभ आदेश देऊ नये. हजेरीपट व अपघातवही जोडल्याशिवाय कोणतेही देयक मंजूर होऊ नये. हजेरीपटाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ज्याचे नाव हजेरीत नाही, त्याची जखम वहीत येऊच शकत नाही. रोजगार हमीच्या कामांवर हजेरीपटासाठी झगडलेल्या कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगणे नको.

लहान कंत्राटदार यामुळे बुडेल, असा आक्षेप येईल. स्वतंत्र बाबीचे पैसे शासन देणार असल्याने तो टिकत नाही. मजूर स्वतःच हेल्मेट घालत नाहीत, हा दुसरा आक्षेप. विदर्भाच्या उन्हात, सावली आणि पाण्याची सोय नसलेल्या कामावर, उक्त्या दराने राबणाऱ्या माणसाला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नोंदीवरून शिक्षा होऊ लागली तर नोंद अधिकच दडपली जाईल. हे खरे आहे. म्हणून नियम असा हवा की, वहीत दुखापत लिहिल्याबद्दल कोणाचे काम जाऊ नये, दडविल्याबद्दल मात्र जावे. ‘शून्य अपघात’ म्हणून बक्षिसे वाटणे बंद करावे. ती बक्षिसे कोऱ्या वहीला मिळतात. आणि वहीवर मजुरांनी निवडलेल्या प्रतिनिधीची सही असावी.

शासन हे सारे आपण होऊन करील असे मानण्याचे कारण नाही. खाणीच्या फलकावरील सूचनेला अर्थ आला तो ती वाचणारी संघटना होती म्हणून. बांधकामावर ती संघटना अजून उभी करावयाची आहे. तोवर तालुक्यातील कार्यकर्त्यांना एक काम आजही करता येईल. उपजिल्हा रुग्णालयातील पोलीस-प्रकरणांच्या नोंदी, ठाण्यातील अकस्मात मृत्यूंची संख्या आणि बांधकाम खात्याकडील अपघातवह्या यांची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवावी आणि ती एकमेकींशी ताडून पाहावी. जखमींची नावे नकोत, तारीख, काम आणि दुखापतीचे स्वरूप पुरे. रुग्णालयाच्या दप्तरात जे आहे आणि कंत्राटदाराच्या वहीत जे नाही, त्या फरकाची यादी तहसील कार्यालयासमोर जाहीरपणे वाचली गेली, तर सुरक्षेचा प्रश्न दयेचा न राहता हिशेबाचा होईल. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागण्याचा अधिकार जनतेला आहे. त्या पैशाच्या कामावर सांडलेल्या रक्ताचा हिशेब त्यातून वगळता येणार नाही.