जगऱ्यापाशी बाप्यामाणसं

डिसेंबर निम्मा सरला, की आमच्या अकोल्याकडच्या पुरुषांना अचानक स्वयंपाक येऊ लागतो. चहाची साखर घरात कोणत्या डब्यात असते हे ज्यांना आजवर ठाऊक नाही, ते गृहस्थ शेताच्या धुऱ्यावर उकिडवे बसून ‘कणीक सैल झाली’, ‘आर अजून धरली नाही’ असं अधिकारवाणीनं बोलायला लागतात. निमित्त रोडग्यांचं. सोयाबीन विकून झालेलं असतं, कपाशीचे एक-दोन वेचे पदरात पडलेले असतात, तूर अजून उभी असते आणि भावकीतल्या कुणाचा तरी मारोतीचा नवस फेडायचा राहिलेला असतो. नवस नसला तरी अडत नाही. थंडी पुरते.

रोडग्याला गहू जाडसर दळून आणावा लागतो, रव्यासारखा. मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून कणीक घट्ट भिजवायची. मग लहान लहान पाऱ्या लाटून, तेल लावत एकावर एक ठेवायच्या आणि सगळ्यात खालची पारी वर ओढून गोळा बंद करायचा. भाजल्यावर रोडगा फोडला की आत पापुद्रे सुटतात ते या रचनेमुळं. पण खरी परीक्षा गोवऱ्यांच्या जगऱ्यापाशी. ज्वाळा बसेपर्यंत, धूर पूर्ण जाईपर्यंत हात बांधून थांबायचं. घाई केली तर वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. निखारे धगधगीत झाले की त्यात रोडगे पुरायचे, वरून गरम राख लोटायची, मधे एकदा फिरवायचे. निघाले की फडक्यात घेऊन राख झाडायची, बुक्कीनं फोडायचे आणि वर तूप. सोबत तुरीचं घट्ट वरण आणि भंडाऱ्याला करतात तशी, तर्री आलेली वांग्याची भाजी. डाळमिलांच्या गावात राहून पंगतीत वरण कमी पडलं, तर यजमानाला पुढचं वर्षभर ऐकावं लागतं.

सातपुड्यापलीकडे निमाड-माळव्यात बाटी आणि बाफले, शेजारी खानदेशात बट्टी. एकाच कुळातली ही मंडळी. बाफले आधी पाण्यात उकडतात, बट्टी वाफवून तळतात. आमचा रोडगा मात्र थेट राखेत जातो, मधे कुणाचं ऐकत नाही. मला तो आवडतो त्याचं अर्धं कारण हेच आहे. उरलेलं अर्धं तूप.

याचा सगळ्यात मोठा थाट पाहायचा तर अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याहून बैतुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर बहिरमला जावं. २० डिसेंबरला सुरू झालेली यात्रा जानेवारीअखेरपर्यंत चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी राहुट्या पडतात, जागोजागी जगरे पेटतात. रोडगे तर असतातच, पण मातीच्या हंडीत शिजवलेल्या मटणासाठी जाणारेही पुष्कळ. देवाला नमस्कार आधी की हंडी आधी, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

तर पुन्हा धुऱ्यावर. रोडग्याच्या दिवशी बायकांनी काही करायचं नसतं, असं आमच्या काकांचं म्हणणं. ‘आज तुमाले सुट्टी, बसा निवांत!’ ऐकायला फार गोड. पण गहू निवडून चक्कीवर नेला कुणी? वांग्याच्या भाजीचा मसाला आदल्या रात्री भाजून वाटला कुणी? तूप कढवलं, लसूण सोलला, ताटं मोजून गोणीत भरली, तिखट-मिठाच्या पुड्या बांधल्या, ते कुणी? आणि सूर्य कलल्यावर राखेनं माखलेली भगोणी विहिरीवर घासायची कुणी? काकांना विचारलं तर ते म्हणतात, ‘ते काय काम आहे का?’ रोडगे भाजणं हे काम, बाकी सगळं आपोआप होत असतं.

तरी खरं सांगायचं तर मला हा दिवस मोडीत काढायचा नाही. निंबाखाली पहिल्या पंगतीला बायका बसतात आणि पुरुष वाढतात, हे दृश्य आमच्या घरात दुसरीकडे कुठे दिसत नाही. वाढताना त्यांचे हात चुकतात, वरण ताटाबाहेर जातं, ‘घे व वहिनी, अजून एक घे’ असा आग्रह होतो आणि वहिनी वर्षातून एकदा गरम खाते. गरम म्हणजे खरोखर गरम, तूप ओघळतंय तोवर. हल्ली शहरात रोडग्यांचाही ठेका देतात. माणसं येतात, जगरा लावतात, वाढून, घासून निघून जातात. सोय चांगली आहे. पण मग काकांची फजिती पाहायला मिळत नाही, आणि ती मला तुपाइतकीच प्रिय आहे.

यंदा जेवणं झाल्यावर कुणीतरी एकनाथांचं भारूड काढलं. भवानीआईला रोडगा कबूल करणारी ती सून सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एका संतानं तिच्या तोंडी घातलेली मागणी भलतीच सरळ आहे. सासरा गावाला गेलाय तो तिकडेच राहो, सासू जावो, जाऊ, नणंदेचं पोर, सगळ्यांचा निकाल लागो, नवऱ्याचीही आहुती पडो, आणि मला एकटीला राहू दे. कीर्तनकार त्यातून अध्यात्म काढतात, ते बरोबरच आहे. पण निंबाखाली बसलेल्या बायका हसत होत्या त्या अध्यात्माला नव्हे.

काकांनी मात्र मुद्दा काढला. ‘नवराच खपवला, तर मंग रोडगा भाजन कोन?’

मोठी माय सुपारी कातरत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘काहून? तिले काय हात नोयते?’

काका उठले आणि विझलेल्या जगऱ्यात एखादा रोडगा राहिला का, ते काडीनं उकरून पाहू लागले. एक निघाला. पार कोळसा झालेला.