पीयूसी पास, पण इंजिनाचा श्वास कोंडलेला: डिझेल गाडीची हवा कुठे अडते आणि ते कसं ओळखायचं?

१ जुलै २०२५ ला दिल्लीतल्या पंपांवर एक नियम लागू झाला. दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल किंवा पंधरा वर्षांपेक्षा जुनी पेट्रोल गाडी आली, तर तिला इंधन द्यायचं नाही. कॅमेरा नंबर प्लेट वाचणार आणि सिस्टिम गाडीचं वय सांगणार. ओरड एवढी झाली की काही दिवसांतच अंमलबजावणी थांबवावी लागली. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस ४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं गेलं.

या सगळ्या वादात एक मुद्दा सतत ऐकू आला: "वय कशाला बघता? गाडी तपासा ना!" मुद्दा बरोबर आहे. पण तपासायचं म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे त्याचं उत्तर आहे पीयूसी. आणि डिझेलच्या बाबतीत हे उत्तर किती अपुरं आहे, ते मला आमच्या मामाच्या पिकअपमुळे कळलं.

मामाची पिकअप आणि "मॅप"

मामा निफाड तालुक्यात राहतो. त्याची २०२१ ची बीएस ६ डिझेल पिकअप आहे. शेतातून पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला कांदा न्यायचा, लिलावाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहायचं, गाडी थोडी थोडी पुढे सरकवायची आणि परत यायचं. एवढंच तिचं काम. गेल्या वर्षी डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागायला लागला आणि गाडी ओढेना. सर्व्हिसला नेऊन रिजनरेशन करून आणलं. तीन महिन्यांत दिवा परत हजर.

मग एका गॅरेजवाल्याने सुचवलं, डीपीएफ आतून पोकळ करू आणि ईसीयूत मॅप टाकू, दिवा पुन्हा लागणारच नाही. मामाने मला फोन केला. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? हे मॅप म्हणजे काय रे?"

मॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला आकड्यांचा तक्ता. किती हवा आली तर किती डिझेल फवारायचं, कधी फवारायचं, कुठलं रीडिंग आलं की दिवा लावायचा, हे सगळं त्यात असतं. गॅरेजवाला जे करणार होता, ते म्हणजे सॉफ्टवेअरला खोटं बोलायला शिकवणं. मी म्हटलं, "मामा, थांब. मी शनिवारी येतो, आधी बघू तरी."

आधी हवेचा हिशेब

एक लिटर डिझेल म्हणजे साधारण ८३० ग्रॅम. ते पूर्ण जळायला वजनाच्या साडेचौदा पट हवा लागते, म्हणजे जवळपास १२ किलो. ही हवा मोजली तर सुमारे १०,००० लिटर भरते. गच्चीवर असतात तशा हजार लिटरच्या दहा टाक्या, एका लिटर डिझेलमागे! आणि ही झाली कमीत कमी हवा. डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहून जास्तच हवा घेतं, कारण हवा पुरली नाही की काजळी तयार होते.

एवढी हवा आत यायची तर वाट मोकळी हवी आणि तेवढाच वायू बाहेर जायचा तर तिकडचीही वाट मोकळी हवी. आत येताना एअर फिल्टर, टर्बो, इंटरकूलर, इनटेक मॅनिफोल्ड. बाहेर जाताना टर्बोची दुसरी बाजू, डीपीएफ, सायलेन्सर. यातलं काहीही तुंबलं की लक्षणं सारखीच दिसतात: पिकअप कमी, ॲव्हरेज कमी, चढावर दम लागणं. म्हणूनच अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा आधी मोजावं.

आत येणारी वाट कशी तपासायची?

बऱ्याच ट्रक-ट्रॅक्टरच्या एअर फिल्टरजवळ एक छोटा इंडिकेटर असतो. फिल्टर तुंबला की त्यात लाल पट्टी दिसते. ती दिसली की फिल्टर बदलायचा. ज्या गाडीला इंडिकेटर नाही, तिच्यात फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपवर व्हॅक्यूम गेज लावतात. तत्त्व अगदी गवंड्याच्या लेव्हल ट्यूबचं आहे. पारदर्शक नळीत पाणी, एक टोक उघडं, दुसरं इनटेकला. इंजिन ओढायला लागलं की एका बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही पातळ्यांमधलं अंतर म्हणजेच अडथळा.

टर्बो असलेल्या अनेक मोठ्या डिझेल इंजिनांना वापरलेल्या फिल्टरसाठी २५ इंच पाण्यापर्यंतची मर्यादा दिलेली असते, म्हणजे सुमारे ६३५ मिलिमीटर. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या. हे रीडिंग पूर्ण लोडवर घ्यायचं असतं. न्यूट्रलला टर्बो इंजिन फार कमी हवा ओढतं, त्यामुळे चोक झालेला फिल्टरही तिथे साळसूद दिसतो. आणि घरी पाण्याच्या नळीचा प्रयोग नको, नळी छोटी पडली तर पाणी थेट इंजिनात जाईल. गेजच वापरा.

आणखी एक सवय सोडायला हवी, ती म्हणजे कंप्रेसरच्या हवेने फिल्टर झाडणं. पेपर फिल्टरला जोरात हवा मारली की कागद फाटतो. बारीक छिद्र डोळ्याला दिसत नाही, पण धूळ त्यातून आत जाते आणि टर्बोची पाती आणि सिलिंडर घासते. अडथळा गेला म्हणून आपण खूश, आणि इंजिन आतून झिजतंय. मामा वर्षभर हेच करत होता.

बाहेर जाणारी वाट

इथे मोजायचं ते बॅक प्रेशर. डीपीएफ नसलेल्या बऱ्याच जुन्या हेवी इंजिनांना ३ इंच पाऱ्यापर्यंतची मर्यादा असते, म्हणजे साधारण १० किलोपास्कल. त्यापेक्षा जास्त प्रेशर आलं तर आधी साध्या गोष्टी बघा: खालून आपटून चेपलेला पाइप, सायलेन्सरमध्ये सुटून आडवा पडलेला पत्रा, घाटात चालणाऱ्या ट्रकमध्ये अर्धवट बंद राहिलेला एक्झॉस्ट ब्रेकचा फ्लॅप.

बीएस ६ गाडीत हे काम सोपं झालंय, कारण मोजणारा सेन्सर गाडीतच बसवलेला आहे. डीपीएफच्या पुढून आणि मागून दोन बारीक नळ्या एका प्रेशर सेन्सरला जातात. ओबीडी पोर्टला ब्लूटूथ रीडर आणि तुमच्या गाडीचा हा डेटा दाखवणारं ॲप जोडलं की तो फरक मोबाइलवर दिसतो. क्रम असा ठेवा:

१. इग्निशन ऑन, इंजिन बंद. रीडिंग जवळजवळ शून्य हवं. नसेल तर दोष सेन्सरचा, डीपीएफचा नाही.

२. गरम इंजिन, आयडलिंग. रीडिंग थोडंसं वर.

३. २५०० ते ३००० आरपीएम. रीडिंग हळूहळू वाढायला हवं आणि रेस सोडल्यावर उतरायला हवं. खूप वर गेलं तर फिल्टर भरलाय. अजिबात हललं नाही तर नळी सुटलीय किंवा तुंबलीय, किंवा आतला फिल्टरच गायब आहे.

मामाच्या गाडीत पहिली पायरी ठीक निघाली, तिसरीत आकडा भलताच वर गेला. म्हणजे डीपीएफ खरंच भरला होता. गॅरेजवाला तेवढ्यापुरता खोटं बोलत नव्हता. पण प्रश्न पुढचा होता: तीन महिन्यांत एवढी काजळी आली कुठून?

मग बूस्ट प्रेशर बघितलं. ईसीयू जेवढं मागत होता, त्यापेक्षा प्रत्यक्षात कमी मिळत होतं. बॉनेट उघडून हाताने चाचपलं तर इंटरकूलरच्या होज पाइपला क्लॅम्पच्या खाली चीर, बाहेर तेलाचा ओघळ. हवा मोजणारा सेन्सर त्या चिरेच्या आधी आहे. त्याने मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल फवारलं जातं, पण हवा वाटेतच गळते. डिझेल जास्त, हवा कमी, काजळी तयार. जुन्या गाडीत हे काळ्या धुरातून लगेच कळलं असतं. बीएस ६ मध्ये तो धूर डीपीएफ गिळतो, त्यामुळे इनटेकचा आजार एक्झॉस्टच्या दिव्यातून दिसतो.

त्यात लिलावाची रांग. डीपीएफमधली काजळी जाळून टाकायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. आयडलिंगवर आणि जवळच्या फेऱ्यांमध्ये एक्झॉस्ट तेवढा तापत नाही, रिजनरेशन सुरू झालं तरी अर्धवट राहतं.

होज आणि एअर फिल्टर बदलला, एकदा रिजनरेशन केलं. आता मामा रांगेत इंजिन बंद ठेवतो आणि आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास सलग चालवतो. पुढचा अख्खा सीझन दिवा लागला नाही.

आणि डीपीएफ काढला असता तर?

दिवा गेला असता. गाडीही ओढली असती. आणि पीयूसी? बहुतेक तीही पास झाली असती!

डिझेलच्या पीयूसीत रेस देऊन धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजतात. जुन्या काळ्या धुरासाठी ही पद्धत ठीक होती. पण कॉमन रेल इंजिनाचे कण इतके बारीक असतात की डीपीएफ नसला तरी प्रकाश फारसा अडत नाही. बीएस ४ च्या डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, बीएस ६ ला फक्त ४.५. ही उडी मुख्यतः डीपीएफमुळे शक्य झाली. तोच काढला तर आरसीवर बीएस ६ आणि धूर जुन्या जमान्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला, त्यामुळे हा फरक कागदापुरता नाही.

कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे गाडीत परवानगी नसलेला बदल केला, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पण तपासणीला जे दिसतच नाही, त्याला दंड कोण करणार?

मग पीयूसीला ओबीडी स्कॅन जोडला तर? उपयोग होईल, पण तेवढ्याने भागणार नाही. मॅप टाकलेला ईसीयू स्कॅनरलाही "सब ठीक" असंच सांगेल. माझं रोजचं कामच सॉफ्टवेअरचं आहे, म्हणून सांगतो: ज्या सिस्टिमवर संशय आहे, तिच्याच जबाबावर विसंबून राहायचं नसतं.

युरोपात यावर उत्तर शोधलंय. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून डीपीएफवाल्या डिझेल गाड्यांच्या तपासणीत कण मोजायला सुरुवात केली. इंजिन आयडलिंगवर, नळी सायलेन्सरमध्ये, आणि एका घन सेंटिमीटरमध्ये किती कण ते थेट मोजायचं. बेल्जियम आणि नेदरलँड्सची मर्यादा १० लाख, जर्मनीची अडीच लाख. पोकळ डीपीएफ इथे लपत नाही.

आपल्याकडे हे यंत्र प्रत्येक पीयूसी सेंटरवर लगेच येणं अवघड आहे, त्याचा खर्च मोठा आहे. पण व्यावसायिक गाड्यांच्या फिटनेस तपासणीपासून सुरुवात करता येईल. नाहीतर दहा वर्षं जपलेली गाडी वयामुळे अडेल आणि चार वर्षांची पोकळ केलेली गाडी सर्टिफिकेट घेऊन पुढे जाईल.

तोवर आपल्या हातात एवढं आहे: डीपीएफचा दिवा लागला की आधी एअर फिल्टर, होज पाइप आणि त्या दोन नळ्या बघा, आकडे वाचा आणि मगच गॅरेजवाल्याला "हो" म्हणा. मामाने परवा त्याच्या शेजाऱ्याच्या गाडीला माझा रीडर लावला. दिवा तोच होता, नळी सुटलेली निघाली. आता तो रीडर मला परत मिळेल असं वाटत नाही.