व्यापार करारात शांततेची अट हवी, पण ती आधी कागदावर हवी

परवा नेप्ती उपबाजारात कांद्याच्या लिलावाला उभा होतो. एका वक्कलाचा भाव पुकारून झाला आणि शेजारचे एक तात्या म्हणाले, "पत्रकार, ते ट्रम्प म्हणतात व्यापार बंद करीन असा दम दिला आणि भारत-पाकिस्तानची लढाई थांबवली. आपला कांदा इतक्या वेळा बंद केला, त्यानं कुठली लढाई थांबली ते लिहा की एकदा!"

सगळे हसले. मला मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

आधी ट्रम्प यांचं. 10 मे 2025 ला गोळीबार थांबला. तो आपण व्यापाराच्या जोरावर थांबवला असं ते सांगत सुटले. भारताच्या परराष्ट्र खात्यानं तीनच दिवसांत सांगितलं की अमेरिकेशी बोलणी झाली, पण त्यात व्यापाराचा विषयच नव्हता. पुढे ऑगस्टमध्ये रशियाचं तेल घेतो म्हणून आपल्या मालावर आणखी 25 टक्के शुल्क लावलं, एकूण झालं 50 टक्के. कारण काय, तर युक्रेनमध्ये शांतता आणायची आहे. झळ कुणाला बसली? तिरुपूरच्या कपडेवाल्यांना, सुरतच्या हिरे कारागिरांना, आंध्रच्या कोळंबीवाल्यांना. त्यांनी कुठलं युद्ध सुरू केलं होतं?

मग व्यापार आणि शांतता यांचा संबंध जोडूच नये का? माझं मत उलट आहे. जोडावा. पण कसा, ते महत्त्वाचं.

उत्तर आयर्लंडचं बघा. तिथे 30 वर्षं बॉम्ब आणि गोळ्या चालल्या, साडेतीन हजारांवर माणसं गेली. 10 एप्रिल 1998 ला गुड फ्रायडे करार झाला आणि गाडी रुळावर आली. पुढे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडला आणि आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा नाकी बसतात की काय, ही भीती आली. सप्टेंबर 2020 मध्ये ब्रिटिश सरकारनं असं विधेयक आणलं की त्यानं आंतरराष्ट्रीय कायदा मोडतो, हे त्यांच्याच मंत्र्यानं संसदेत कबूल केलं. तेव्हा उमेदवार असलेले बायडन आणि सभापती नॅन्सी पेलोसी यांनी सांगून टाकलं: गुड फ्रायडे कराराला धक्का लागला तर अमेरिकेशी व्यापार करार विसरा. युरोपचा दबाव होताच. डिसेंबरमध्ये ती वादग्रस्त कलमं मागे घेतली गेली.

फरक लक्षात घ्या. तिथे मोजमाप होतं एका सह्या झालेल्या कराराचं. कुणाच्या मर्जीचं नाही.

दुसरं उदाहरण श्रीलंकेचं. युरोपनं त्यांना शुल्क सवलत दिली होती, पण मानवाधिकारांचे आंतरराष्ट्रीय करार पाळण्याच्या अटीवर. यादवी युद्धाच्या शेवटी जे घडलं त्यावरून अटी मोडल्याचं ठरलं. फेब्रुवारी 2010 मध्ये निर्णय, अंमल ऑगस्टपासून. मध्ये सहा महिने दिले. 2017 मध्ये सवलत परतही मिळाली. त्रास तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बायांनाही झाला असणार, मी नाकारत नाही. पण नियम आधी माहीत होता, मुदत मिळाली आणि परतीची वाट उघडी होती.

हे काही गोऱ्यांचं नवं खूळ नाही. 1782 चा सालबाईचा तह आठवा. महादजी शिंदे मध्यस्थ होते. त्या एकाच कागदावर युद्धबंदी होती आणि वखारींची, व्यापाराची कलमंही होती. त्यानंतर मराठे आणि इंग्रज यांच्यात जवळपास 20 वर्षं मोठी लढाई झाली नाही. 1803 मध्ये झाली, तेव्हा ऑगस्टमध्ये वेलस्लीनं आपला नगरचा किल्ला घेतला.

आता आपल्या कांद्याकडे या. सप्टेंबर 2019 च्या अखेरीस निर्यात बंद झाली. काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि जाहीर कार्यक्रमात हसत म्हणाल्या की मी आचाऱ्याला कांदा न वापरता स्वयंपाक करायला सांगितलंय. पुढच्या वेळी जरा आधी कळवा. शेजारी देशाची पंतप्रधान फक्त नोटीस मागत होती! पुढच्याच वर्षी 14 सप्टेंबरला पुन्हा अचानक बंदी. मग 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी. ती उठली 4 मे 2024 ला आणि शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला.

या बंद्या शांततेसाठी नव्हत्या, शहरातले भाव पाडण्यासाठी होत्या, हे मान्य. पण धडा तोच. रातोरात बंद होणारा व्यापार ना शेतकऱ्याचा विश्वास ठेवतो, ना शेजाऱ्याचा. बांगलादेशनं दुसरीकडून कांदा मागवायला सुरुवात केली. आपण काय मिळवलं?

कुणी म्हणेल, पहलगाममध्ये 26 माणसं मारली, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली, आणि तुम्ही व्यापाराचे नियम सांगताय? नाही. हल्ल्यानंतर अटारी बंद केली, ते योग्यच होतं. पण हल्ल्यानंतर उचललेलं पाऊल वेगळं आणि झालेला करार टिकावा म्हणून आधीच घातलेली अट वेगळी. मी दुसऱ्याबद्दल बोलतोय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गंगेच्या पाण्याचा बांगलादेशाशी झालेला करार 1996 चा, 30 वर्षांचा. त्याची मुदत डिसेंबर 2026 पर्यंत. उद्या त्यांच्याशी पाण्याचा नवा करार होईल, व्यापाराचाही होईल. तेव्हा तीन गोष्टी लिहून घ्या. एक, कुठला करार मोडला तर व्यापाराची सवलत जाईल. दोन, मोडला की नाही हे कोण ठरवणार आणि किती दिवसांची नोटीस. वाटेत असलेला माल सोडायचा. तीन, देशासाठी व्यापार थांबवायचा असेल तर ज्याचा माल अडकला त्याला भरपाई. शांतता सगळ्यांची असेल तर तिचा खर्च एकट्या चाळीतल्या कांद्यानं का भरायचा?

अट दोघांनाही लागू हवी. आपण मोडली तर आपल्यालाही. नाहीतर तो करार नाही, दमदाटी झाली.

तात्यांना हेच सांगणार आहे पुढच्या लिलावाला: कांदा बंद करून लढाई थांबत नाही. पण कांदा सुरू राहावा असं दोन्हीकडच्या माणसांना वाटलं, तर करार मोडणारा दहादा विचार करतो.

पटत नसेल तर मोकळेपणानं लिहा. शिव्या सोडून सगळं वाचतो.