रंगरंगोटी नको, बसायची जागा द्या!

जुन्या बाजारपेठा वाचवण्याची भाषा हल्ली गावोगावी ऐकू येते. व्यापारी मंडळे, नगर निगम, निवृत्त अधिकाऱ्यांच्या समित्या, सगळ्यांना पेठेचे गेलेले वैभव परत आणायचे आहे. आणावे, आमचा विरोध नाही. पण असले आराखडे एकदा नीट वाचा. सारख्या मापाच्या पाट्या, एका रंगाच्या भिंती, फरशी, शोभेचे दिवे आणि शेवटी न चुकता एक कलम: अतिक्रमण हटाव. टोपलीवाली, मोची, चहाची गाडी, कुलपे दुरुस्त करणारा म्हातारा, ज्यांच्यामुळे तिथे पाय वळतात त्यांनाच उठवायचे आणि मग बाजार जिवंत केला म्हणून फीत कापायची!

इमारत आधी आणि माणसे नंतर, ही चाल जुनी आहे. पुण्यात मंडईची भव्य इमारत बांधायचे ठरले तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चा, असे त्यांचे म्हणणे. इमारत १८८६ साली उभी राहिली, आणि पुढे तिला नाव मिळाले ते फुल्यांचेच!

आता भिलाईकडे या. बोरसीतला माणूस खरेदीला निघाला की एका बाजूला दुर्गचा इंदिरा मार्केट, दुसऱ्या बाजूला भिलाईचे सिव्हिक सेंटर, सुपेला आणि पॉवर हाऊस. हे भिलाईचे बाजार कोणा शेठजीने वसवलेले नाहीत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत युनियनशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्याच्या पगारावर सेक्टरासेक्टरात दुकाने उभी राहिली. ज्या रुळांवर आपले ट्रॅकमन घाम गाळतात ते रूळ वर्षानुवर्षे याच भिलाईत घडत आले. रुळाचा पगार बाजारात गेला, त्यावर बाजार फुलला. हिशेब इतका सरळ आहे.

मग तो कोमेजला कशाने? मॉल आले हे खरे, घरपोच माल आला हेही खरे. पण मूळ दुखणे कारखान्याच्या गेटावर आहे. कायम कामगार निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही, काम कंत्राटदाराकडे जाते. कायम कामगार महिन्याचा किराणा एकदम भरायचा, दिवाळीला घरभर कपडे घ्यायचा, मुलीच्या लग्नाला सोनाराकडे जायचा. कंत्राटी मजूर पावशेर तेल नेतो, तेही आज हजेरी लागली तर. त्या दुकानासमोर संगमरवर जरी बसवला तरी गल्ल्यात काय पडणार? रेल्वेत आणि टपाल खात्यात रिकाम्या जागांचे जे चालले आहे, त्याची झळ आपल्या गावच्या पेठेलाही अशीच लागते.

पॉवर हाऊसचे नाव घेताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. शंकर गुहा नियोगी यांचा सप्टेंबर १९९१ मध्ये भिलाईत खून झाला. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९२ रोजी, पॉवर हाऊस स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यांच्या मागण्या काय होत्या? कामावरून काढलेल्यांना परत घ्या, जगण्यापुरते वेतन द्या. शेजारच्या बाजाराचे भवितव्यही त्याच मागण्यांत होते. पेठेचा इतिहास सांगणाऱ्या फलकांवर हे कोणी लिहील का?

काही साथी म्हणतील, दुकानदाराशी आपला काय संबंध? तो नोकराला बारा तास राबवतो. राबवतो, नाकारत नाही. छत्तीसगडचा नवा दुकाने कायदा २०२५ साली लागू झाला तेव्हा तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांनाच लागू होता. म्हणजे जुन्या पेठेतला बहुतेक नोकर त्याच्या बाहेर. हा लढा वेगळा लढावाच लागेल. पण १९७४ च्या संपाचे वीस दिवस आठवा. पगार बंद असताना अनेक रेल्वे वसाहतींत चूल पेटली ती वाण्याच्या उधारीच्या वहीवर. मॉलमध्ये अशी वही नसते.

आणि हत्यार आपल्या हाताशी आहे. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही पथविक्रेत्याला उठवता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. दुसऱ्या अनुसूचीत तर असे आहे की जिथे विक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ धंदा करत आले आहेत, ते नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. भिलाईचे वय मोजा! वारसा म्हणजे कमानी आणि खांब, असे समजणाऱ्या समित्यांनी हे पान आधी वाचावे.

एक मोठी खोच मात्र आहे आणि ती आपल्याच दारात आहे. हा कायदा रेल्वेच्या जमिनीला लागू नाही. ६ ऑगस्ट २०२३ रोजी देशभरातल्या ५०८ स्टेशनांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, त्यात दुर्गही आहे. स्टेशनबाहेरचा बाजार जिथे रेल्वेच्या हद्दीत येतो तिथे विक्रेत्याला कायद्याचे कवच नाही. तिथे बोलायचे कोणी? रेल्वे कामगारांच्या युनियनने. आराखडा मागवा, जुन्या विक्रेत्यांची यादी त्यांच्यासोबत बसून करा, नव्या आवारात त्यांना पूर्वीच्याच भाड्यात जागा मिळावी असे लेखी मागा. टपाल शाखांनी पेठेतले उपडाकघर आडजागी हलवू देऊ नये. आवर्ती ठेवीचा हप्ता भरायला आलेली बाई परत जाताना भाजी घेते, हे टपाल कार्यालयाच्या खिडकीतून रोज दिसते. आणि नगर पथविक्रेता समितीची शेवटची बैठक कधी झाली, सर्वेक्षण कुठवर आले, हे प्रत्येक शाखेने आपापल्या नगर निगमला या महिन्यातच अर्ज करून विचारावे.