हातच चालत नाही

सहावीतला एक मुलगा सलग तीन दिवस उशिरा आला. चौथ्या दिवशी आम्ही त्याला वर्गाबाहेर थांबवून कारण विचारले. म्हणाला, "अम्मीच्या विड्या मीच ब्रँचला देऊन येतो, टीचर. अम्मी उठत नाही." किती विड्या होतात, असे आम्ही सहज विचारले. "आधी हजार व्हायच्या. आता दोनशे, कधी दीडशे."

सोलापूरबाहेरच्या वाचकांना थोडे सांगायला हवे. आमच्या शहराच्या या बाजूला अनेक घरांचा संसार असा चालतो : पुरुष अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल नाहीतर चादरीच्या मागावर, आणि बाई घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. त्यामुळे बाईची तब्येत कशी आहे हे डॉक्टरच्या आधी सूप सांगते.

त्या संध्याकाळी आम्ही घरी गेलो. दहा बाय दहाची खोली, पत्र्याचे छत, एकच दार. भाभी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. भिजवलेली पाने ओल्या फडक्यात तशीच. आम्हाला पाहून उठून बसल्या, ओढणी सावरली, मुलीला चहा ठेवायला सांगितले. काय होते म्हणून विचारले, तर डोके दुखते, पाठ दुखते, हातापायांची आग होते. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "क्या करनेका टीचर, बैठती हूं, पर हातच चलता नै."

आम्ही त्या दिवशी जे बोललो ते आठवले की आजही लाज वाटते. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर दिलेली माणसे आम्ही! म्हटले, सब्र करा, अल्लाहचे शुक्र माना, नवरा कमावता आहे, लेकरे धडधाकट आहेत, तुमच्याहून दुःखी किती जण आहेत ते पाहा, मन कामात गुंतवा. त्या मान हलवत राहिल्या. पुढच्या आठवड्यात गेलो तर दार उघडले नाही. अम्मी आतच होती, असे मुलाने दुसऱ्या दिवशी सांगितले.

हे सारे कुठून सुरू झाले ते त्यांच्या पतींकडून कळले. 18 मे 2025 च्या पहाटे एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि 8 जण गेले, त्यांत एक चिमुकले लेकरूही होते. त्या दिवशी सोलापुरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नसेल. भाभींचे पती दुसऱ्याच कारखान्यात, पण रात्रपाळीला असतात. त्या पहाटेपासून ते घरी येईपर्यंत भाभींना झोप लागेना. मग ते आले तरी लागेना. हळूहळू भूक गेली, बोलणे गेले. भीतीही गेली म्हणा, पण तिच्या जागी एक जडपणा येऊन बसला.

आपल्या घरांत अशा वेळी दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, नजर लागली. दोन, ईमान कमजोर झाले. दुसरी गोष्ट तर फार जखम करते, कारण आजारी माणूस स्वतःशी तेच बोलत असतो. यूसुफ (अ.) दुरावल्यावर हजरत याकूब (अ.) यांचे डोळे रडून रडून पांढरे पडले, हे आपण सूरह यूसुफमध्ये वाचतो. त्यांच्या ईमानाला कुणी कमजोर म्हणेल का? आणि आपल्या विद्वानांनी हा आजार ओळखला नव्हता असेही नाही. इ.स. 934 मध्ये वारलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला आहे. त्यात उदासीचे प्रकार वेगळे केले आहेत : एक, जिचे कारण माणसाला ठाऊक असते; आणि दुसरी, जिचे कारण त्याचे त्यालाही सापडत नाही. या दुसरीचे मूळ त्यांनी शरीरात मानले आणि तिच्यासाठी शरीराचेही उपचार सांगितले. हजार वर्षांपूर्वी!

आजचे डॉक्टर एक साधी खूण सांगतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि सोबत झोप-भूक बिघडली असेल, सतत थकवा, स्वतःला दोष देणे, लक्ष न लागणे असे काही असेल, तर ते नुसते दुःख राहिलेले नाही. आपल्याकडच्या बायका 'उदास वाटते' असे सहसा म्हणत नाहीत. त्या पाठ दुखते म्हणतात.

भाभींना दवाखान्यात नेण्याचा निर्णय त्यांच्या पतींच्या एका वाक्यावर झाला. ते म्हणाले, "ती म्हणते, मी नसले तर तुमचे बरेच होईल." असे वाक्य घरात ऐकू आले की ते बोलणाऱ्याला रागावू नये आणि हसण्यावारीही नेऊ नये. मनात जीव द्यायचे येते का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझे हलके होते. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातली औषधे-विषारी वस्तू उचलून ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रात्र असेल तर सरकारची 'टेलि-मानस' ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा 24 तास चालू असते आणि मराठीत बोलता येते. हा आकडा दाराच्या मागे खडूने लिहून ठेवला तरी चालेल.

सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावले की हिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर, आणि नंतर बरे वाटले तरी, विचारल्याशिवाय बंद करायची नाही. मग म्हणाले, "घरी रोज काय करता येईल ते बघू." आम्हाला वाटले आता योगासने वगैरे सांगतील. त्यांनी विचारले, "सकाळी दात घासता का?" भाभींनी खाली पाहिले.

इथे गोव्याची एक गोष्ट सांगतो. तिथे 'संगाथ' नावाची संस्था 1996 पासून मानसिक आरोग्याचे काम करते. तिने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या सुमारे 500 रुग्णांबरोबर एक प्रयोग केला. डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक कार्यकर्ते रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटत. दिवसभरात काय केले, काय करायचे सोडून दिले, त्यातले उद्या कोणते एक छोटे काम करता येईल, एवढेच प्रामुख्याने बोलत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निकाल आले. तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्या 100 पैकी 64 जण आजारातून सावरले होते. ज्यांना फक्त केंद्रातले नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळाले त्यांच्यातले 39.

यामागचा विचार आम्हाला तरी भाभींच्या त्या वाक्यामुळे कळला. आपण समजतो की आधी मन उठते, मग हात चालतो. या आजारात मन उठण्याची वाट पाहत बसलो की हात थांबतो, हात थांबला की दिवसात चांगले वाटण्याजोगे काहीच उरत नाही, आणि मन आणखी खाली जाते. हे चाक मनाकडून फिरवता येत नाही. हाताकडून येते, तेही अगदी थोडे.

मुलाच्या जुन्या वहीत आम्ही रेघा मारून दिल्या. डावीकडे वेळ, मध्ये काय केले, उजवीकडे किती जड गेले त्याचे दहापैकी गुण. लिहिण्याचे काम मुलाचे. पहिल्या आठवड्यात फक्त तीन गोष्टी होत्या. फजरच्या वेळी उठायचे आणि पुन्हा आडवे न होता उंबऱ्यावर, उजेडात पंधरा मिनिटे बसायचे. तोंड धुऊन केस विंचरायचे. पहिले दोन दिवस आठ वर्षांच्या मुलीने विंचरून दिले. आणि सकाळी काहीतरी खायचे. 'उंबरा - 9 गुण' असे त्या पोराच्या अक्षरात लिहिलेले आम्ही पाहिले आहे. उंबऱ्यावर बसण्याला दहापैकी नऊ गुणांचे कष्ट! ज्यांना हा आजार झाला नाही त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

खाण्याचे म्हणाल तर दिवसभर चहा आणि खारी हेच त्यांचे जेवण झाले होते. ज्या घरात मौत झाली असेल तिथे हजरत आयेशा (रजि.) जवाच्या पिठाची पातळ पेज, म्हणजे तलबीना, करून घेत, असे हदीसमध्ये येते. दुःखी माणसाला चावायचेही कष्ट नकोसे होतात, हे त्या काळच्या स्वयंपाकघराला ठाऊक होते. आमच्याकडे जव कुठून रोज आणणार. ज्वारीच्या पिठाचे आंबील झाले. नणंद शेजारीच राहते, ती सकाळी पातेलेभर करून दोन्ही घरांत वाटू लागली. पेज आजार बरा करते असे आम्ही म्हणत नाही. रिकाम्या पोटी गोळी घेऊन भोवळ येण्यापेक्षा ते बरे.

विड्यांचे काय करायचे, हा खरा प्रश्न होता. विड्या नाहीत तर हप्त्याचे पैसे नाहीत, आणि त्या हजाराकडे पाहूनच हात गळत होता. शेवटी असे ठरले की भाभींनी पाने मोजून पन्नासाचीच घ्यायची. पन्नास झाल्या की उठून पाणी प्यायचे, दारापर्यंत जायचे, वाटले तर पुढची पन्नास. उरलेले नणंद आणि सासूबाई पाहतील. सासूबाई आधी कुरकुरल्या, ते सांगायला हवे. त्यांना दोष नाही. त्यांनी बाळंतपणाच्या आठव्या दिवशी सूप हातात घेतले होते. पण डॉक्टरांच्या दुसऱ्या भेटीला त्या सोबत गेल्या आणि परत येताना रिक्षात गप्प होत्या. दुसऱ्या दिवसापासून पाने त्याच कापू लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात ब्रँचला विड्या पोचवायचे काम मुलाकडून काढून भाभींकडे आले. जाऊन-येऊन वीस-पंचवीस मिनिटांची चाल. वेगळे फिरायला जा म्हटले असते तर त्या गेल्या नसत्या. आपल्या गल्लीत बाई 'फिरायला' निघाली की चार डोळे वर होतात. ब्रँचला जाणे कुणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि तिथे ओळखीच्या बायका भेटतात. वहीत त्या दिवशी जड गेल्याचे गुण 6 आहेत, आणि पोराने कंसात लिहिले आहे, 'अम्मी हसली'.

झोपेचे गणित मात्र अजून नीट बसलेले नाही. पती सकाळी आठला येऊन झोपतात, घरात दिवसा रात्र आणि रात्री दिवस. रात्री जाग आली की मोबाइल हातात, आणि मोबाइलवर पुन्हा आगीचेच व्हिडिओ. आता मोबाइल रात्री नणंदेकडे राहतो. पती मध्यरात्रीच्या सुटीत नणंदेला फोन करून 'खैरियत है' एवढे सांगतात, ती ते भिंतीवर ठोकून कळवते. असला इलाज कुठल्या पुस्तकात नसेल. संध्याकाळनंतरचा चहाही बंद झाला. मिश्री सुटलेली नाही, त्याबद्दल आम्ही सध्या बोलतही नाही. एका वेळी सगळेच ओढायला गेले तर सूत तुटते, हे मागावरच्या माणसाच्या घरात सांगावे लागत नाही.

नमाजबद्दल वाचक भगिनी विचारतील. भाभींच्या नमाजा सुटल्या होत्या आणि त्याचा गुन्हा त्या मनात वाहत होत्या. उभे राहवत नसेल तर बसून पढावी, ही सवलत आजाऱ्याला दीननेच दिली आहे. त्यांनी फजर बसून सुरू केली. तिच्यामुळे दिवसाला पहिली खुंटी मिळाली, बाकीच्या मागून आल्या. दम करून घ्यायचा तर घ्या, फक्त त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नका. रमजान जवळ आला आहे, तेव्हा हेही सांगतो : ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी रोजे धरण्याआधी डॉक्टरांना भेटून वेळा ठरवून घ्याव्यात. बऱ्याच गोळ्या सहर-इफ्तारला बसवता येतात, काही औषधांत पाणी कमी पडून धोका होतो, आणि कुणाला काय चालेल ते डॉक्टरच सांगतील.

भाभींची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिली आहे. त्या म्हणाल्या, नाव नका टाकू, पण हजार अजून होत नाहीत हे लिहा, नाहीतर वाचणारीला वाटेल तिचेच काही चुकते. तर लिहितो. सहा महिने होत आले, सध्या सहाशे होतात. मागच्या पंधरवड्यात दोन दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड होते. त्या दोन दिवशी वहीत फक्त 'उंबरा' लिहिलेले आहे.

मुलगा आता वेळेवर येतो. महिन्यातून एक दिवस उशीर होतो, अम्मीबरोबर सिव्हिलला जातो तेव्हा. तो उशीर आम्ही हजेरीत मांडत नाही.